गेलेल्या माणसाच्या खात्यात पेन्शन येत राहिली तर काय करायचं

आमचे नाना, म्हणजे वडील, १२ जूनला पहाटे साताऱ्यात दवाखान्यात वारले. सावडणं, माहुलीच्या संगमावर रक्षाविसर्जन, दहावं, तेरावं. या दिवसांत पेन्शनचा विषय घरात कुणी काढला नाही, आणि काढला असता तर आईला ते सोसलं नसतं. जुलै लागला तसा नानांच्या मोबाइलवर नेहमीचा मेसेज आला, पेन्शन जमा झाल्याचा. दादाने नानांचं एटीएम कार्ड घेतलं आणि मंडपवाल्याचं, आचाऱ्याचं राहिलेलं देणं भागवलं. त्यात वाईट हेतू नव्हता. नानांचेच पैसे नानांच्या कार्याला लागले, असंच आम्हा सगळ्यांना वाटत होतं.

नोव्हेंबरात आई बँकेत गेली. हयातीच्या यादीवर, म्हणजे पेन्शनर जिवंत असल्याची दरवर्षी नोंद होते त्या यादीवर, नानांची सही लागते एवढंच तिला माहीत होतं. काउंटरवरच्या मुलाने यादीत नानांच्या नावापुढच्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “आजोबा कुठंयत?” पुढच्या आठवड्यात बँकेचं पत्र आलं. १,५०,००० रुपये जादा गेलेत, भरा. आणि नाना-आईच्या जोडखात्यातले सगळेच पैसे अडकवून ठेवले. आईच्या गोळ्यांचे पैसेसुद्धा त्यातच होते.

शेवटी आम्हाला भरावे लागले ५५,२०० रुपये. दीड लाख ते पंचावन्न हजार हा फरक कुणी मेहेरबानी म्हणून दिला नाही, तो हिशेबातच होता. आम्ही लेखी हिशेब मागितला नसता तर कळलंच नसतं. (आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत.) कोरेगाव-साताऱ्याकडच्या ओळखीच्या घरांत असं काही झालं की आता लोक माझ्याकडे येतात. त्यांना समोर बसवून जे सांगतो, तेच इथे क्रमाने लिहितोय.

जादा पैसा कुणाचा?

पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंत मिळते, तो दिवस धरून. दुसऱ्या दिवसापासून पत्नीची किंवा पतीची फॅमिली पेन्शन सुरू होते. म्हणजे त्यानंतर जुन्या दराने जे जमा होतं ते गेलेल्या माणसाचं नाही, वारसांचं नाही, नॉमिनीचंही नाही. चुकून मिळालेला पैसा परत करावा लागतो, हे १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७२ मध्येच आहे. पेन्शन सुरू होताना पेन्शनर बँकेला हमीपत्रही देतो, की जादा रक्कम जमा झाली तर परत करीन. नानांनीही ते दिलेलं होतं, आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

म्हणून पहिलं काम काहीही न करण्याचं आहे. त्या पैशाला हात लावू नका. एटीएम कार्ड, पिन, मोबाइल ॲप घरात माहीत असलं तरी वापरू नका. खातेदार गेला की त्याने दिलेलं मुखत्यारपत्रही संपतं. कार्याला पैसे लागले तर भावकीतून, सोसायटीतून उसने घ्या, पण त्या कार्डाला शिवू नका. गावात कुणी सांगेल, “दोन-तीन महिने येऊ द्यात, सरकारला कुठं कळतंय.” कळतं. फार तर नोव्हेंबरपर्यंत लांबतं, तोवर आकडा वाढतो आणि वसुली येते ती मागे राहिलेल्या बाईवर.

नानांचं सिमकार्ड मात्र आम्ही बंद केलं नाही, तुम्हीही सहा-आठ महिने करू नका. काय, कधी जमा झालं ते त्या मेसेजमधूनच कळतं.

मृत्यूची नोंद कुठे करायची

इथे बरेच जण चुकतात. मृत्यू जिथे झाला तिथे नोंद होते, जिथे राहत होते तिथे नाही. माणूस तासगावचा आणि मिरजेच्या दवाखान्यात गेला, तर दाखला सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेकडून. साताऱ्यात गेला तर नगरपालिकेकडून. घरी गेला तर आपल्या ग्रामपंचायतीतून. नोंद २१ दिवसांच्या आत झाली पाहिजे. पुढे विलंब शुल्क लागतं, महिना उलटला की परवानगी आणि स्वतः सही केलेला (स्वसाक्षांकित) कागद, आणि वर्ष गेलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दवाखाना नोंद पाठवतो, पण ती गेली का हे स्वतः विचारा.

दाखल्याच्या निदान आठ-दहा प्रती काढा. आणि काउंटर सोडण्याआधी नाव नीट वाचा. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर जसं नाव आहे तसंच दाखल्यावर हवं. आमच्याकडे बायकांच्या नावांचा घोळ जास्त असतो. पीपीओवर ‘सुलोचना’, आधारवर ‘सुलाबाई’, रेशनकार्डावर माहेरचं नाव. असा फरक दिसला तर एकाच व्यक्तीची दोन नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र लगेच करून ठेवा. फॅमिली पेन्शनच्या कागदांसोबत ते बहुधा मागतातच.

पेन्शन नक्की कोण देतं?

पैसे बँकेत येतात म्हणून सगळे बँकेत जातात. बँकेला कळवायचंच, पण पेन्शन थांबवणं आणि फॅमिली पेन्शन सुरू करणं हे काम ज्याच्या हातात आहे त्यालाही कळवायचं.

राज्य सरकारचे कर्मचारी, तसंच अनुदानित शाळा-कॉलेजांतले शिक्षक-शिपाई यांची पेन्शन जिल्हा कोषागारातून येते. आपण तिला ट्रेझरी म्हणतो. आपल्या भागात अशी घरं खूप, रयत शिक्षण संस्थेतून निवृत्त झालेल्यांचीच कितीतरी. पीपीओ मुंबईच्या महालेखापालांचा असतो, पण रोजचं काम ट्रेझरीत. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी आणि कर्मचाऱ्यांनी ट्रेझरीत जाऊन उपयोग नाही, त्यांनी पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचा अर्थ विभाग गाठायचा.

केंद्र सरकारचे आणि रेल्वेचे पेन्शनर (मिरज जंक्शनमुळे सांगलीकडे रेल्वेवाले बरेच) यांच्या बाबतीत बँकेचा केंद्रीय पेन्शन कक्षच हिशेब ठेवतो. तिथे शाखेत अर्ज देऊन तो कक्षाकडे पाठवायला लावायचा. फौजी पेन्शन आता बहुतेकांची ‘स्पर्श’ प्रणालीतून, प्रयागराजच्या कार्यालयाकडून येते. मृत्यूची माहिती ऑनलाइन द्यावी लागते. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात हे सांगणारा माजी सैनिक शेजारीच सापडतो. नाहीतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे.

साखर कारखाना, सूतगिरणी, एसटी इथल्यांची पेन्शन बहुधा ईपीएस-९५ ची, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची, भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून येणारी. तिथे विधवेला मूळ पेन्शनच्या निम्मी मिळते, पण महिना १,००० पेक्षा कमी नाही. त्यासाठी फॉर्म १०-डी भरावा लागतो.

श्रावणबाळ किंवा संजय गांधी योजनेचे महिना १,५०० येत असतील तर तलाठ्याला सांगा आणि तहसील कार्यालयात संजय गांधी शाखेत दाखल्याची प्रत द्या. ही रक्कम पत्नीच्या नावावर आपोआप जात नाही. ती पात्र असेल तर तिचा अर्ज वेगळा.

कळवणं लेखी, आणि पोच घेऊन

आमची खरी चूक इथे झाली. दादा जुलैत बँकेत तोंडी सांगून आला होता. पुढे ते कुणाला आठवत नव्हतं आणि आमच्या हातात कागद नव्हता. कळवल्याची तारीख हे तुमचं संरक्षण आहे. त्या तारखेनंतर पैसे जमा झाले तर ती चूक तुमची नाही, हे एका शिक्क्याने सिद्ध होतं.

पत्र साधं असावं. मी लोकांना असं लिहून देतो:

“माझे पती श्री. …… (पीपीओ क्रमांक ……, बचत खाते क्रमांक ……) यांचे दिनांक …… रोजी निधन झाले आहे. मृत्यू दाखल्याची प्रत सोबत जोडली आहे. तरी त्यांचे निवृत्तिवेतन थांबवावे. दिनांक …… नंतर खात्यात जमा झालेली जादा रक्कम आम्ही खर्च केलेली नसून ती खात्यात शिल्लक आहे. जादा रकमेचा महिनावार लेखी हिशेब मिळावा. तसेच माझे कुटुंब निवृत्तिवेतन दिनांक …… पासून सुरू करून, त्याच्या थकबाकीतून जादा रकमेचे समायोजन करावे, ही विनंती.”

काही खर्च झालं असेल तर खोटं लिहू नका. “पैकी …… रुपये माहिती नसल्याने खर्च झाले आहेत, ते भरण्याची आमची तयारी आहे” असं लिहा. दोन प्रती न्या. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. “ठेवून जावा, साहेब आले की बघतील” म्हणाले तर थांबा. शिक्का मारायला साहेब लागत नाहीत.

सोबत पीपीओची मूळ प्रत, दोघांचं आधार, पॅन, पासबुक आणि मागे राहिलेल्याचे फोटो. पुनर्विवाह न केल्याचं प्रतिज्ञापत्रही मागतात. आमच्या नानांचा पीपीओ देवघराच्या फळीवर पोथीखाली किराण्याच्या पिशवीत गुंडाळलेला सापडला, कडा कुरतडलेल्या, पण आईचं नाव आणि दोघांचा जोडफोटो शाबूत. त्या एका पानामुळे पुढचं काम सोपं झालं. पीपीओवर पत्नीचं नाव असेल तर ट्रेझरी तिथूनच फॅमिली पेन्शन सुरू करू शकते. नसेल तर शेवटी नोकरी जिथे केली त्या कार्यालयातून किंवा शाळेतून प्रस्ताव महालेखापालांकडे जातो, आणि त्यात महिने जातात.

खात्याचं काय करायचं

खातं पती-पत्नीचं जोडखातं असेल, ‘दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहिलेला’ या पद्धतीचं, तर ते मागे राहिलेल्याचं चालू राहतं. घाईने बंद करू नका. केंद्राच्या पेन्शनमध्ये फॅमिली पेन्शन त्याच खात्यात सुरू करता येते.

खातं एकट्याच्या नावाचं असेल तर नॉमिनी दावा करतो. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक होत नाही, बाकी वारसांचा हक्क राहतोच. आणि खातेदार गेल्याचं बँकेला कळल्यावरही पैसे येत राहिले तर ते ‘खातेदार मयत’ असा शेरा मारून पाठवणाऱ्याकडे परत करण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. पत्रात ते स्पष्ट मागा, म्हणजे पुढचा जादा हप्ता मुळात खात्यात साठणारच नाही.

बँकेने पूर्ण खातं अडकवलं असेल तर लेखी मागणी करा की फक्त जादा रकमेएवढेच पैसे अडकवा, बाकीचे मोकळे करा. आम्ही तसं पत्र शाखाधिकाऱ्यांना दिलं आणि चार दिवसांत आईच्या हाताला पैसे लागले. शाखेने दाद दिली नाही तर बँकेच्या तक्रार कक्षाकडे जा. तिथे तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही.

हिशेब

आता मुख्य गोष्ट. नानांची पेन्शन महागाई भत्त्यासह महिना ३०,००० धरा. मृत्यू १२ जूनला. बँकेने जूनपासून ऑक्टोबरपर्यंतचे पाच महिने घेतले, पाच गुणिले तीस हजार, दीड लाख.

पण जूनचे पहिले बारा दिवस नाना होते. त्या बारा दिवसांचे १२,००० त्यांचे हक्काचे. उरले जूनचे अठरा दिवस, १८,०००, आणि जुलै ते ऑक्टोबर १,२०,०००. जादा रक्कम १,३८,०००.

आता दुसरी बाजू. १३ जूनपासून आईची फॅमिली पेन्शन देय होती, ती कुणी दिलेलीच नव्हती. साधी फॅमिली पेन्शन शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के, आणि पूर्ण पेन्शन असणाऱ्याची पेन्शन साधारण ५० टक्के. म्हणजे पतीच्या पेन्शनच्या तीन पंचमांश, तीस हजाराला अठरा हजार. जूनचे अठरा दिवस १०,८००, पुढचे चार महिने ७२,०००. एकूण ८२,८००.

१,३८,००० वजा ८२,८००. राहिले ५५,२००.

हा हिशेब मी वहीच्या पानावर मांडून ट्रेझरीत नेला. तिथल्या बाईंनी तो स्वतःच्या कॅल्क्युलेटरवर पुन्हा केला, पान माझ्याकडे परत सरकवलं आणि म्हणाल्या, “बरोबर आहे. हेच अर्जाला जोडा.” तेव्हा मला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

तुमचा हिशेब मांडताना तीन गोष्टी तपासा. पेन्शन कोणत्या महिन्याची, कोणत्या तारखेला जमा झाली. राज्याची पेन्शन पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला येते, त्यामुळे पासबुकातला जुलैचा आकडा जूनचा असतो, आणि इथेच एक महिना जास्त मोजला जातो. दुसरं, पेन्शनचा भाग विकलेला असेल, म्हणजे अंशराशीकरण केलेलं असेल, तर नवऱ्याच्या पेन्शनमधून होणारी ती कपात बायकोच्या फॅमिली पेन्शनमधून होत नाही. तिसरं, निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत माणूस गेला तर काही काळ वाढीव दराची फॅमिली पेन्शन मिळते. ती कधीपर्यंत, ती तारीख पीपीओवर असते. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. तारीख उलटूनही वाढीव दर चालू राहिला तर काही वर्षांनी नवीन वसुली येते, तीही म्हाताऱ्या बाईवर.

पैसे भरताना

समायोजन, म्हणजे फॅमिली पेन्शनच्या थकबाकीतून जादा रक्कम वळती करणं, मंजूर झाल्यावर उरलेली रक्कमच भरा. राज्याच्या पेन्शनसाठी शासनाच्या ग्रास प्रणालीवर चलनाने भरता येते किंवा बँकेमार्फत परत जाते. चलनावरचा लेखाशीर्ष (पैसे सरकारच्या कोणत्या खात्यात जमा होणार ते) स्वतः अंदाजाने निवडू नका, ट्रेझरीतून लिहून घ्या. चुकीच्या शीर्षाखाली गेलेला पैसा शोधायला माणूस वर्षभर हेलपाटे घालतो. चलनावर नाव, पीपीओ क्रमांक आणि कोणत्या काळाची जादा रक्कम हे तिन्ही असू द्या. भरल्यावर चलनाची प्रत ट्रेझरीला आणि बँकेला द्या, आणि ‘येणे बाकी नाही’ असं पत्र मागून घ्या.

एकदम भरणं झेपत नसेल तर हप्ते मागा. केंद्राच्या पेन्शनमध्ये लेखी संमतीशिवाय महिन्याला निव्वळ पेन्शनच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही असा दंडक आहे. राज्याच्या बाबतीतही घरची परिस्थिती लिहून अर्ज करा. आणि ‘आधी सगळं भरा, मग फॅमिली पेन्शन बघू’ असं कुणी म्हणालं तर ते मान्य करू नका. फॅमिली पेन्शन हा तिचा वेगळा हक्क आहे.

वसुली मृत्यूनंतरची नसेल तर

कधी पत्र येतं की तुमच्या वडिलांची वेतननिश्चिती पंधरा वर्षांपूर्वी चुकली होती, तेव्हापासूनचे जादा गेलेले पैसे आता भरा. हे प्रकरण वेगळं आहे आणि इथे घाईने भरू नका. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ च्या पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या निकालात काही परिस्थितींत वसुली करता येणार नाही असं सांगितलं आहे. तृतीय आणि चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, आणि वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून जास्त काळ चाललेलं जादा प्रदान, हे त्यात येतं. मात्र २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं की जादा रक्कम परत करीन असं हमीपत्र कर्मचाऱ्याने दिलेलं असेल तर निवृत्तीनंतरही वसुली होऊ शकते. म्हणून पत्र आलं की आधी वेतननिश्चितीचे कागद आणि ते हमीपत्र मागवा, मग वकिलाला दाखवा. मृत्यूनंतर जमा झालेल्या पेन्शनला मात्र हा निकाल लावू नका, तिथे तो उपयोगी पडत नाही.

फोन आला तर

“ट्रेझरीतून बोलतोय, जादा रक्कम आजच गुगल पे करा नाहीतर पेन्शन बंद,” असे फोन पेन्शनरांच्या घरी येतात. नुकताच माणूस गेलेल्या घरात असा फोन आला की बाई घाबरून पैसे पाठवते. ट्रेझरी फोनवर पैसे मागत नाही, वसुलीचं काम लेखी पत्राने होतं. हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शांतपणे दोनदा समजावून सांगा.

नंतरची दोन कामं

गेलेल्या माणसाचं त्या वर्षाचं इन्कम टॅक्स विवरण मार्चनंतर वारसाने भरायचं असतं, रक्कम करपात्र असेल तर. त्यात मृत्यूच्या तारखेपर्यंतचीच पेन्शन धरा. बँकेच्या प्रमाणपत्रात जादा महिने आले असतील तर चलन दाखवून दुरुस्त करून घ्या. पत्नीची फॅमिली पेन्शन तिच्या उत्पन्नात ‘इतर उत्पन्न’ म्हणून येते. त्यातून एक तृतीयांश किंवा १५,००० यांतली कमी रक्कम वजा होते. नव्या कर प्रणालीत आर्थिक वर्ष २०२४-२५ पासून ती मर्यादा २५,००० आहे.

आणि नोव्हेंबर. फॅमिली पेन्शन घेणाऱ्यालाही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँकेतल्या यादीवर सही करून, किंवा बोट-चेहऱ्याच्या ओळखीने ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल दाखला काढून. आई पहिल्या वर्षी जायला तयार नव्हती, त्याच काउंटरसमोर पुन्हा उभं राहायचं तिला नको होतं. मी बरोबर गेलो. यादीत या वेळी तिचं स्वतःचं नाव होतं. तिने चष्मा पुसला, नाव दोनदा वाचलं आणि सही केली. जाताना पासबुक, आधार आणि नवीन पीपीओची झेरॉक्स बरोबर असू द्या, आणि सही केल्याची नोंद बँकेतल्या माणसाने समोर केली का ते बघूनच बाहेर पडा.